नारायण मेघाजी लोखंडे आणि ‘दीनबंधू’ : न वाचणाऱ्यांचं वर्तमानपत्र



आज रविवार आहे, म्हणून हे व्याख्यान ठेवता आलं. सोमवारी ठेवलं असतं तर समोरच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या. मघाशी सभागृहाच्या पायऱ्या चढताना एका शेतकरी गृहस्थांनी मला विचारलं, “सर, आज कोनावर बोलता?” मी म्हटलं, “गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणाऱ्या माणसावर.” ते हसले आणि म्हणाले, “आमाले कायचा आला जी रविवार!” आणि तरीही ते आत येऊन बसले. त्यांचं वाक्य मी लक्षात ठेवलंय. शेवटी त्याच्याकडे परत येणार आहे.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इतिहासाचा मी व्यावसायिक अभ्यासक नाही. पण तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला एक खोड लागते. कुणी काही बोललं की तो विचारतो, हे कुणाला उद्देशून बोललं जातंय? आज तोच प्रश्न मला एका वर्तमानपत्राला विचारायचा आहे. वर्तमानपत्राचं नाव ‘दीनबंधू’, आणि त्याचे सर्वांत गाजलेले संपादक नारायण मेघाजी लोखंडे.

दिग्रसला लोखंड्यांवर कशाला बोलायचं? ते ठाण्यात जन्मले, मुंबईत वाढले, मुंबईतच वारले. पण घंटीबाबांचं हे गाव कापसाचं गाव आहे. इथली पऱ्हाटी, इथली वेचणी, इथलं जिनिंग तुम्हाला मी सांगायला नको. वऱ्हाडातला कापूस बैलगाडीतून बाजारात यायचा, सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि त्या रेल्वेनं मुंबईला जायच्या. काही गाठी बोटीतून लँकेशायरला जात, काही परळ-ताडदेवच्या गिरण्यांत. गिरणीत ती गाठ फोडणारा माणूसही बहुतेक वेळा शेतकऱ्याचाच मुलगा असायचा. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, पुण्याच्या मावळातला. म्हणजे गाठीच्या एका टोकाला आपले वाडवडील होते आणि दुसऱ्या टोकाला लोखंड्यांची माणसं. धागा एकच आहे.

आता तारखेपासून सुरुवात करू. १ जानेवारी १८७७.

या एका दिवशी तीन गोष्टी घडल्या. दिल्लीत लॉर्ड लिटननं दरबार भरवला आणि व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर केलं. नागपुरात जमशेटजी टाटांची गिरणी त्याच दिवशी सुरू झाली, आणि म्हणूनच तिचं नाव एम्प्रेस मिल. आपल्यातल्या ज्येष्ठांनी त्या गिरणीचा भोंगा ऐकलेला असेल. आणि तिसरी गोष्ट पुण्यात घडली, तिचा गाजावाजा झाला नाही. कृष्णराव भालेकर नावाच्या सत्तावीस वर्षांच्या आतल्या एका तरुणानं ‘दीनबंधू’ नावाचं साप्ताहिक काढलं.

एका बाजूला साम्राज्य, दुसऱ्या बाजूला यंत्र, आणि तिसऱ्या बाजूला कागदाचा एक तुकडा. आणि या तिन्हींच्या पाठीमागे दुष्काळ. १८७६ ते ७८ हा दख्खनचा भीषण दुष्काळ. दिल्लीत तोफांच्या सलाम्या झडत होत्या तेव्हा पुणे, सोलापूर, अहमदनगर भागातली माणसं गुरं सोडून देऊन खडी फोडायला जात होती. सत्यशोधक समाजानं धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी बालाश्रम चालवला तो याच वेळी. ‘दीनबंधू’ जन्माला आला तो असा, पोटाला चिमटा बसलेल्या वर्षात.

मराठी वृत्तपत्रं तोपर्यंत पंचेचाळीस वर्षांची झाली होती. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ चं. एका स्तंभात इंग्रजी, दुसऱ्या स्तंभात मराठी. भाऊ महाजनांचं ‘प्रभाकर’ १८४१ चं, त्यातच लोकहितवादींची शतपत्रं आली. आपल्या वऱ्हाडातही १८६७ पासून अकोल्याचं ‘वऱ्हाड समाचार’ होतं. ही पत्रं मोलाची आहेत, त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे. पण ती कुणाला उद्देशून लिहिली जात होती? इंग्रजी शिकलेल्या, किंवा शिकू पाहणाऱ्या वर्गाला, आणि त्याच्या डोक्यावरून सरकारला. बांधावरचा माणूस त्यांत विषय म्हणून यायचा. ‘रयतेची स्थिती’ असा मथळा असायचा. पण ‘अरे रयते, तुला सांगतो’ असं कुणी म्हणत नव्हतं. तिसऱ्या पुरुषातून दुसऱ्या पुरुषात येणं ही व्याकरणातली छोटी गोष्ट वाटते. समाजात ती फार मोठी असते.

भालेकरांनी ते केलं. ते पुण्याजवळच्या भांबुर्ड्याचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे. माळी कुटुंबातले, १८५० चा जन्म. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला, त्या सुरुवातीच्या कार्यकर्त्यांपैकी ते एक. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ निघत होती आणि तिच्यातून फुल्यांच्या लेखनावर, त्यांच्या भाषेवर, व्याकरणावर सपासप वार होत होते. उत्तर द्यायला या बाजूकडे पत्र नव्हतं. भालेकरांनी ते उभं केलं.

आता गंमत पाहा. ज्यांच्यासाठी हे पत्र काढलं, त्यांच्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं! वर्गणीदार कुठून आणायचे? जाहिराती कोण देणार? शेतकऱ्याच्या हातात दुष्काळात पैसा कुठला? भालेकर पदरमोड करत राहिले, कर्जात आले, आणि तीनेक वर्षांत त्यांची दमछाक झाली. १८८० साली ‘दीनबंधू’ पुण्याहून मुंबईला गेला आणि लोखंड्यांच्या हातात आला. भालेकरांच्या वाट्याला यश आलं नाही असं वरवर दिसतं. पण जरा थांबा, त्यांचा धागा मी पुढे पकडणार आहे.

लोखंडे कोण होते? १८४८ चा जन्म, ठाण्याचा. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं, कन्हेरसरचं. घरची गरिबी. मॅट्रिकपर्यंत शिकले आणि नोकरीला लागले. आधी रेल्वेच्या कचेरीत, मग टपाल खात्यात, आणि मग मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून. ही शेवटची नोकरी महत्त्वाची. स्टोअरकीपर म्हणजे कोण? तो साच्यावर उभा राहत नाही, पण साच्यावर उभा राहणारा प्रत्येक जण त्याच्या खिडकीशी येतो. तेल मागायला, पट्टा मागायला, सुटा भाग मागायला. बोटं तुटलेला माणूसही त्याला दिसतो आणि मालकाचा हिशेबही त्याला दिसतो. लोखंड्यांनी गिरणी पुस्तकातून ओळखली नाही. त्यांनी ती खिडकीतून रोज पाहिली.

काय पाहिलं त्यांनी? दिवस उजाडला की गिरणी सुरू, अंधार पडला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. जेवायला धड वेळ नाही. कापसाचा तूस नाकातोंडात जातोय आणि माणूस एका हातानं साचा सांभाळत दुसऱ्या हातानं भाकरी खातोय. पगार उशिरा, कधी महिना उलटून गेल्यावर. आठवड्याची सुट्टी नाही. यंत्रं साफ करण्यासाठी अधूनमधून गिरणी थांबायची, पण ती विश्रांती यंत्राची, माणसाची नव्हे. कारण त्या दिवशी साफसफाईला माणसालाच बोलवायचे.

इथं मला ॲरिस्टॉटल आठवतो. तो मोठा तत्त्वज्ञ, पण गुलामगिरीचं समर्थन करणारा. त्याच्या राज्यशास्त्रावरच्या ग्रंथात एक युक्तिवाद असा आहे की धोटे आपोआप विणू लागले असते तर धन्याला गुलामांची गरजच उरली नसती. दोन हजार वर्षांनंतर धोटे आपोआप विणू लागले. आणि माणूस सुटला का? तो यंत्राला अधिकच बांधला गेला. हातमागावरचा विणकर थकला की पाणी प्यायला उठायचा, वाफेवरचा माग थकत नाही. ॲरिस्टॉटलचं चुकलं ते हे, की त्याला वाटलं प्रश्न हत्याराचा आहे. प्रश्न नात्याचा होता, आजही आहे.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यानं काय दिलं? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये. ऐका पुन्हा : सात वर्षांच्या मुलाला नऊ तास. ही सुधारणा होती! आणि मोठ्या माणसांसाठी, बायांसाठी, तासांची काहीच मर्यादा नव्हती.

‘दीनबंधू’ हाती घेतल्यावर लोखंडे नोकरी सोडून पूर्णवेळ याच कामात पडले. परळ-भायखळ्याच्या चाळींमधून फिरायचं, ऐकायचं, लिहायचं, आणि लिहिलेलं लोकांत वाचून दाखवायचं. मघाचा प्रश्न आठवा, वाचता न येणाऱ्यांचं पत्र कसं चालणार? त्याचं उत्तर इथं आहे. वाचणारा एक, ऐकणारे पन्नास. आपल्याकडे पोथी अशीच चालते ना? एक जण ओव्या वाचतो, सगळा पार ऐकतो. ज्यानं स्वतः एक अक्षर वाचलं नाही त्याला अख्खा हरिविजय पाठ असतो. ऐकण्याची सवय तयार होतीच. त्या सवयीत कामाचे तास, पगाराची तारीख आणि तुटलेली बोटं हे विषय आले, हे नवीन होतं.

२३ सप्टेंबर १८८४ ला परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी कामगारांची सभा भरवली. सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवायला एक निवेदन तयार झालं. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या त्यावर सह्या. मागण्या बघा : दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची तजवीज.

या मागण्या आज आपल्याला किती साध्या वाटतात! पण त्यातली शेवटची पाहा. इजा झाली तर नुकसानभरपाई. आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला १९२३ साली. म्हणजे सुपारीबागेतली माणसं कायद्याच्या एकोणचाळीस वर्षं पुढे होती.

याच सुमारास लोखंड्यांनी ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ उभी केली. हिंदुस्थानातली पहिली कामगार संघटना म्हणून तिचं नाव घेतात. इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. १८९० च्या दशकातल्या एका सरकारी अहवालात या संघटनेविषयी म्हटलंय की तिच्याकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे हे फक्त कामगारांचे सल्लागार आहेत. काही इतिहासकारही यावरून म्हणतात की ही खरी ट्रेड युनियन नव्हेच.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. यादी नव्हती हे खरं. पण दर आठवड्याला एक पत्र निघत होतं आणि ते चाळीचाळींतून ऐकलं जात होतं. ते ऐकायला जो बसला तो सभासद. त्याची पावती फाडली नव्हती एवढंच. ज्या माणसांकडे वर्गणीला पैसा नाही, सहीला अक्षर नाही, त्यांची संघटना रजिस्टरमध्ये शोधायची आणि सापडली नाही म्हणून ती नव्हतीच म्हणायचं, हा शोधण्याच्या पद्धतीतला दोष आहे. माझ्या मते ‘दीनबंधू’ हीच त्यांची संघटना होती.

आता मी जरा अवघड भागाकडे येतो. थोर माणसाचं चरित्र सांगताना आपण त्याची आरती करतो. मला ते जमत नाही.

१८८३ साली जोतीराव ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचं इतकं थेट विवेचन मराठीत त्याआधी नव्हतं. भट-कामगार, सावकार, गोरा अधिकारी, कुणालाही त्यांनी सोडलं नाही. यातले सुरुवातीचे भाग ‘दीनबंधू’नं छापले. आणि पुढचे भाग छापले नाहीत. लोखंडे थांबले. जोतीराव संतापले, आणि त्यांनी आपल्याच माणसांमधल्या भित्र्या छापखानेवाल्याबद्दल कडवट शब्द लिहून ठेवले. ‘असूड’ जोतीरावांच्या हयातीत पुस्तकरूपानं पूर्ण छापला गेला नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांपुढे त्याचं वाचन झालं, हस्तलिखितं फिरली, पण छपाई नाही.

का थांबले असतील लोखंडे? लिटनचा देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा रिपननं १८८२ मध्ये रद्द केला होता. पण राजद्रोहाचं कलम होतंच. आणि बदनामीच्या खटल्याचं ताजं उदाहरण समोर होतं. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले होते. तेव्हा त्यांच्यासाठी दहा हजारांचा जामीन उभा केला तो रामशेट बापूशेट उरवणे यांनी, जोतीरावांच्या शब्दावर. मतभेद एवढे टोकाचे, तरी संपादक तुरुंगात जाऊ नये म्हणून सत्यशोधक पुढे आले. आजच्या दिवसांत ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते.

तर, ‘केसरी’च्या मागे शिकलेल्यांचा समाज होता, वकील होते, जामीनदार होते. ‘दीनबंधू’ एका खटल्यात बंद पडला असता. आणि तो बंद पडला की साच्यावरच्या माणसाचा आवाजच संपला. लोखंड्यांनी असा विचार केला असेल, हा माझा तर्क आहे.

प्रश्न असा आहे : सगळं सत्य एकदाच बोलून गप्प व्हावं, की थोडं थोडं बोलत रोज बोलत राहावं? वर्गात मी हा प्रश्न पुष्कळ वेळा विचारला. विशीतली मुलं लगेच म्हणतात, सगळं बोलावं! पन्नाशीतली माणसं म्हणतात, टिकून राहावं. माझं स्वतःचं मत? मी सत्तरी ओलांडली आहे, आणि मला दोघांपैकी कुणालाच चूक म्हणता येत नाही. जोतीरावांचा राग बरोबर होता, कारण लेखकाचं सत्य अर्ध्यात तोडणं हा अन्यायच आहे. लोखंड्यांची भीतीही समजण्याजोगी होती, कारण त्यांच्या भीतीत हजारोंची भाकर होती. पण एक फरक मी करतो. स्वतःचं कातडं वाचवण्यासाठी गप्प बसणं वेगळं, आणि दुसऱ्यांचं व्यासपीठ वाचवण्यासाठी गप्प बसणं वेगळं. या दोन गप्पांमधला फरक बाहेरून दिसत नाही. तो पुढच्या आयुष्यावरून ओळखायचा असतो. म्हणून लोखंड्यांचं पुढचं आयुष्य पाहू.

कामगारांच्या मागण्यांना विरोध फक्त गिरणीमालकांचा होता असं समजू नका. मँचेस्टर-लँकेशायरचे गिरणीमालक इंग्लंडमध्ये ओरडत होते की हिंदुस्थानातही कामाचे तास कमी करा. का? कामगारांच्या प्रेमापोटी नव्हे, मुंबईचं कापड त्यांना महाग पडावं म्हणून. त्यामुळे आपल्याकडची बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रं म्हणत होती की फॅक्टरी कायदा हा देशी उद्योग बुडवायचा डाव आहे. आणि त्यात तथ्य होतं! मग लोखंड्यांनी काय करावं? ज्या मागणीनं आपल्या माणसाला विश्रांती मिळते, पण परक्या भांडवलदाराचाही फायदा होतो, ती मागणी करावी की न करावी?

त्यांनी केली. त्यांचं गणित सरळ होतं. स्वदेशी गिरणी टिकावी हे बरोबर, पण ती टिकवण्याची किंमत रोज चौदा तास उभं राहणाऱ्या बाईनं एकटीनंच का भरावी? मालकानं का नाही? गिऱ्हाइकानं का नाही? देशाच्या नावानं मागितलेला त्याग नेहमी कुणाकडून मागितला जातो, हे बघायला लोखंडे आपल्याला शिकवतात.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. १८९० साली, उघड्या मैदानात, दहा हजार माणसांपुढे, गिरणीत काम करणाऱ्या दोन बाया! मागणी एकच, आठवड्याची सुट्टी. आणि १० जून १८९० ला मुंबईच्या गिरणीमालक संघानं रविवारची सुट्टी मान्य केली.

इथं एक दुरुस्ती. मोबाईलवर दरवर्षी १० जूनच्या आसपास एक मजकूर फिरतो की भारताला रविवारची सुट्टी लोखंड्यांनी दिली. हेतू चांगला असतो, पण विधान सैल आहे. सरकारी कचेऱ्या, कोर्ट यांना रविवार आधीपासून होता. साहेबाला चर्चला जायचं असायचं, त्याच्याबरोबर कारकुनालाही सुट्टी मिळायची. लोखंड्यांनी मिळवला तो गिरणी कामगारांचा रविवार. मला विचाराल तर हे श्रेय कमी नाही, जास्त आहे. कारकुनाला सुट्टी साहेबाच्या धर्मामुळे मिळाली. कामगाराला ती त्याच्या स्वतःच्या मागणीमुळे मिळाली. एक कृपा, दुसरा हक्क.

पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली, स्त्रियांसाठी ११ तासांची मर्यादा आली, आणि मुलांचं किमान वय ७ वरून ९ झालं. कायद्याआधीच्या १८९० च्या कमिशनच्या कामात लोखंड्यांचा सहभाग होता. मोठ्या पुरुष कामगारांच्या तासांना मर्यादा यायला मात्र १९११ उजाडलं.

त्याच १८९० साली मुंबईत नाभिकांची एक सभा झाली. विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्या कारागिरांनी ठरवलं. त्यामागे लोखंडे होते. विचार करा, केशवपन वाईट की चांगलं यावर शास्त्री-पंडित, सुधारक वर्षानुवर्षं वाद घालत होते. लोखंड्यांनी वाद घातला नाही. ते ज्याच्या हातात वस्तरा होता त्याच्याकडे गेले. अन्याय नेहमी कुणाच्या तरी हातून घडवला जातो. तो हातच नाही म्हणाला तर? माझ्या मते हा त्यांचा सर्वांत स्वतंत्र विचार आहे, आणि ग्रंथात तो कुठं लिहिलेला नाही.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली. दंगलीनंतर दोन्हीकडच्या लोकांना एकत्र आणायला लोखंड्यांनी राणीच्या बागेत मेळावा घेतला. १८९५ साली सरकारनं त्यांना रावबहादूर केलं. रावबहादूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पगडी आणि बग्गी येते. या रावबहादुरांचं काय झालं?

१८९६ च्या पावसाळ्याच्या शेवटी मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून पळू लागली, गिरण्या ओस पडू लागल्या. लोखंडे पळाले नाहीत. चिंचपोकळीला मराठा इस्पितळ सुरू करण्यात आणि रुग्णांची सोय लावण्यात ते गुंतले. ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगनंच ते गेले. वय एकोणपन्नासच्या आत-बाहेर. त्यानंतर महिन्याभरात, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. मघाशी मी विचारलं होतं, १८८३ चं ते गप्प बसणं कुठल्या प्रकारचं होतं? मला उत्तर इथं मिळतं. जो माणूस तेरा वर्षांनी साथीत मागे थांबला, तो स्वतःच्या कातड्याला जपणारा नव्हता.

आता धागे गोळा करू.

‘दीनबंधू’ लोखंड्यांबरोबर संपला नाही. तो पुढे वासुदेवराव बिर्जे यांनी चालवला. ते १९०६ साली वारले, आणि संपादकाच्या खुर्चीवर त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे बसल्या. १९१२ पर्यंत त्यांनी पत्र सांभाळलं. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तपत्र-संपादक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. सावित्रीबाईंच्या शेजारात वाढलेली मुलगी ‘दीनबंधू’ची संपादक झाली, म्हणजे शाळेचं आणि छापखान्याचं वर्तुळ पूर्ण झालं.

आणि भालेकर? त्यांचे चिरंजीव मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली अहमदनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून ‘दीनमित्र’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं. पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघत राहिलं, १९६७ पर्यंत. सत्तावन्न वर्षं, खेड्यातून! वडिलांचं पत्र तीन वर्षांत थकलं, मुलाचं सत्तावन्न वर्षं चाललं. म्हणून मी म्हटलं होतं, भालेकरांना अपयशी ठरवायची घाई करू नका. आपल्या यवतमाळलाही १९१८ साली लोकनायक बापूजी अणे यांनी ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं. जिल्ह्याच्या गावाला स्वतःचा आवाज असावा ही कल्पना तोवर महाराष्ट्रभर रुजली होती.

अभ्यासाच्या दृष्टीनं एक खंत सांगतो. लोखंड्यांच्या काळातल्या ‘दीनबंधू’चे पुष्कळ अंक आज मिळत नाहीत. मग आपल्याला त्यातला मजकूर कळतो कसा? सरकार देशी वृत्तपत्रांवर नजर ठेवायला दर आठवड्याला त्यांचा इंग्रजी गोषवारा तयार करून घ्यायचं. ते गोषवारे सरकारी दप्तरात जपले गेले. म्हणजे आपल्या माणसांचा आवाज आपण जपला नाही, पाळत ठेवणाऱ्यांनी जपला! तुमच्या घरात माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, गावच्या वाचनालयाच्या कपाटात जुनी साप्ताहिकं, पत्रकं, जिनिंगच्या नोंदवह्या असतील तर रद्दीत घालू नका. वाळवीला देऊ नका. जवळच्या महाविद्यालयाला दाखवा, निदान मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवा. रद्दीला किलोमागे मिळतात त्या रुपयांत इतिहास परत विकत मिळत नाही.

आता त्या पायरीवरच्या गृहस्थांचं वाक्य. “आमाले कायचा आला जी रविवार!” ते मागच्या रांगेत बसलेत, मला दिसताहेत. काका, तुमचं म्हणणं खरं आहे. गाठीच्या मुंबईकडच्या टोकाला लोखंडे होते, म्हणून तिथं रविवार आला. या टोकाला पऱ्हाटी रविवार पाळत नाही, बोंडअळीही पाळत नाही आणि कर्जाचं व्याज तर नाहीच नाही. पण लोखंड्यांच्या पाच मागण्यांत रविवार ही एकच गोष्ट होती. बाकीच्या काय होत्या? मेहनतीचा मोबदला ठरल्या तारखेला मिळावा. इजा झाली तर घर उघड्यावर पडू नये. या तर तुमच्याही आहेत. कापूस घातला आणि चुकारा कधी मिळेल याची वाट पाहत बसलेला माणूस सुपारीबागेतल्या माणसाचा सख्खा भाऊच आहे. आणि यवतमाळ जिल्ह्याचं नाव गेली काही दशकं देशभर कशासाठी घेतलं जातं, हे मी या सभागृहात सांगायची गरज नाही.

तेव्हा तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा जुनाच प्रश्न विचारून थांबतो. आज इतकी वर्तमानपत्रं आहेत, वाहिन्या आहेत, प्रत्येकाच्या खिशात एक छापखाना आहे. त्यांतलं कुठलं माध्यम तुम्हाला उद्देशून बोलतं? तुमच्याविषयी बोलणारी पुष्कळ आहेत. तुमच्याशी बोलणारं कुठलं? ते सापडलं तर त्याची वर्गणी भरा. नाही सापडलं, तर भालेकर २६ वर्षांचे होते, हातात पैसा नव्हता आणि साल दुष्काळाचं होतं, एवढं लक्षात ठेवा.

आपण रविवारची दुपार मला दिलीत. ती कुणामुळे मोकळी होती हे आता आपल्याला ठाऊक आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर अवश्य विचारा, मी बसलोय.